आधी आईला विचारा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात अवयवदान आणि किडनी प्रत्यारोपण या विषयावर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्याने स्वतः लिहून दिले.)





समितीचे लोक माझ्याकडे आले नि म्हणाले, तुम्ही दरवर्षी कामगार चळवळीवर बोलता, यंदा अवयवदानावर बोला. मी म्हटलं, अरे बाबांनो, डॉक्टर बोलवा. तर म्हणाले, डॉक्टर बोलले की लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. आता मी पडलो गिरणीच्या साचाखात्यातला माणूस. शाळा नववीला सुटली. वाचनालयात बसून जे वाचलं आणि हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून जे पाहिलं, तेवढंच माझं भांडवल. शिवाय या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे की नाही, हाही प्रश्नच आहे. ते पुढचं ऐकून तुम्हीच ठरवा.

गोष्ट 2017 च्या पावसाळ्यातली. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, चोवीस वर्षांचा होता. मोटारसायकलवरून घरोघर सामान पोचवायचं काम करायचा. रात्री खड्ड्यात चाक गेलं, डोक्यावर पडला. हेल्मेट होतं, पण हँडलला लटकवलेलं. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन झालं, मशीनवर ठेवला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितलं की मेंदू मेला आहे, आता परत येणं नाही. सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासलं आहे. मग एक मुलगी आली. समन्वयक म्हणतात त्यांना. तिने आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, की याच्या किडन्या, लिव्हर, हृदय, डोळे दुसऱ्या माणसांना देता येतील, तुमची तयारी आहे का?

मेव्हणे आधीच वारलेले. घरात मोठा मी. बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही. आमचं पोरगं आलं तसं आम्हाला परत न्यायचंय." याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या मुलीने मान हलवली, जबरदस्ती काही केली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे हृदयही थांबलं.

हॉस्पिटलचा यात काहीच दोष नव्हता, हे मुद्दाम सांगतो. नाही म्हणणारा मी होतो. मी म्हणजे कोण? याच हॉलमध्ये उभं राहून अंधश्रद्धेवर, कर्मकांडावर तास-तास भाषणं देणारा माणूस. आणि अपघाताची केस असल्यामुळे पोलिसांनी पोस्टमॉर्टेम करायला लावलंच. म्हणजे ज्या चिरफाडीला भिऊन मी नाही म्हणालो ती झालीच, फक्त कुणाच्या उपयोगाला आली नाही.

मी नाही का म्हणालो, यावर पुढे अनेक रात्री विचार केला. एक कारण डोळ्यांसमोर होतं. पोराची छाती वरखाली होत होती, हात गरम होता. गरम हाताचा माणूस मेला असं कसं मानायचं? हे मला तेव्हा कुणी समजावलं असेल, पण माझ्या कानात शिरलं नाही. नंतर वाचून समजलं ते साध्या भाषेत सांगतो. श्वास घ्यायचा हुकूम मेंदूच्या खालच्या भागातून, देठातून येतो. तो भाग मेला की माणूस आपला आपण एकही श्वास घेऊ शकत नाही. मग मशीन हवा आत ढकलतं. हृदयाचं मात्र वेगळं आहे. त्याची ठोके मारायची सोय त्याच्या स्वतःजवळ असते, प्राणवायू मिळेल तोवर ते चालतं. गिरणीत मोटार बंद केली तरी चाक थोडा वेळ फिरत राहतं, तसं म्हणा. ही उपमाही पूर्ण बरोबर नाही, कारण मोटार पुन्हा सुरू करता येते, मेंदू करता येत नाही. कोमा वेगळा. कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, तो कधीकधी उठून बसतो. मेंदूमृत माणूस उठत नाही.

आपल्या देशात हे कायद्याने मानलं गेलं ते 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने. तो महाराष्ट्रात 1995 पासून लागू आहे. चार डॉक्टरांनी मिळून मेंदूमृत ठरवायचं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा, आणि जे डॉक्टर पुढे अवयव बसवणार त्यांच्यापैकी कुणीही त्या चौघांत नको. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. पंच आणि खेळाडू वेगळे ठेवले आहेत. आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये हृदय बदलण्याचं ऑपरेशन केलं होतं, जगात पहिलं झालं त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत. पण तेव्हा असा कायदाच नव्हता. दार उघडायला पुढे पंचवीस-सव्वीस वर्षं लागली.

दुसरी भीती ही की, गरिबाच्या शरीराचा हे लोक बाजार करतील. बंधूंनो, ही भीती मी अडाणीपणाची मानत नाही. ज्यांचे हात, पाय, घाम सगळं आजवर स्वस्तात घेतलं गेलं, त्यांना संशय येणारच. मद्रासकडे 80-90 च्या दशकात गरिबांच्या किडन्या उघड विकत घेतल्या जात. चेन्नईतल्या अशा 305 लोकांना भेटून केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या शंभरातल्या 96 जणांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. कर्ज फिटलं का? बहुतेकांचं नाही. उलट घरचं उत्पन्न सरासरीने एक तृतीयांश कमी झालं, कारण अंगमेहनतीचं काम पूर्वीसारखं होईना. 2025 साली तामिळनाडूतच नामक्कल जिल्ह्यात पल्लीपाळयम भागातल्या यंत्रमाग कामगारांनी किडन्या विकल्याची प्रकरणं उजेडात आली. यंत्रमाग कामगार म्हणजे आपल्याच धंद्यातली माणसं. ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण नीट बघा, हा बाजार चालतो तो कुणाच्या शरीरावर? जिवंत गरिबाच्या. मेलेल्याच्या नाही. मेंदूमृत माणसाचा अवयव कुणाला जायचा हे त्याच्या नातेवाइकांना ठरवता येत नाही, पैसेवाल्यालाही ठरवता येत नाही. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय केंद्रं आहेत, त्यांच्या प्रतीक्षायादीप्रमाणे तो जातो. पैशाचा व्यवहार केला तर 2011 च्या दुरुस्तीनंतर पाच ते दहा वर्षं तुरुंग आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. कायदा आहे म्हणून चोरी थांबली, असं मी म्हणत नाही. पण स्मशानात जी किडनी जळते ती यादीतल्या माणसाला मिळाली, तर तेवढी एक किडनी कुणा कर्जबाजारी माणसाच्या कुशीतून काढायची गरज उरणार नाही, हा माझा हिशेब आहे. 2023 साली आपल्या देशात सगळ्या अवयवांची मिळून अठरा हजारांवर प्रत्यारोपणं झाली. त्यात मृत्यूनंतर दान दिलेली माणसं किती, तर 1,099. एकशेचाळीस कोटींच्या देशात!

आता तिसरं कारण, आणि हे सांगताना मान खाली जाते. मला आतून कुठेतरी वाटलं की पोरगं अर्धवट जाऊ नये, जाताना सगळं अंग धड असावं. कुठे जाताना? आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, श्राद्ध सोडलं, पिंडदान सोडलं. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो हे बाबासाहेबांनी साफ नाकारलं. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होशील, असं गल्लीत कुणी बोललं तर मी हसत असे. पण वेळ माझ्या भाच्यावर आली तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते त्याच जुन्या घरातून निघालं. चळवळ डोक्यात शिरायला सोपी, बंधूंनो, हाडात शिरायला वेळ लागतो.

गेल्या वर्षावासात भन्तेजींनी शरीराच्या बत्तीस भागांवर ध्यान समजावलं होतं. केस, नखं, दात, कातडी असं करत करत त्या यादीत वक्क येतं. वक्क म्हणजे मूत्रपिंड, आपली किडनी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना पोटात काय आहे हे माहीत होतं आणि त्यातला कुठलाही भाग म्हणजे 'मी' नव्हे, हेही समजलं होतं. पाली परंपरेत दान पारमितेच्या तीन पायऱ्या सांगतात. धनदौलत देणं ही पहिली, स्वतःच्या शरीराचा अवयव देणं ही तिच्यावरची, आणि प्राण देणं ही सर्वांत वरची. शिबी राजाने डोळे दिल्याची जातककथा आपल्या बायाबापड्यांनाही ठाऊक आहे. कुणी म्हणेल जातकं म्हणजे कथाच. असू देत. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी 1961 साली नेत्रदानाची संस्था उभी केली. तिथल्या बौद्ध माणसांनी तिला इतके डोळे दिले, की आपल्या देशाला पुरून त्यांनी पन्नासहून जास्त देशांना बुबुळं पाठवली. ती काही कथा नाही. आणि तथागतांनी आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतलं, त्याला नीट निजवलं, हेही आपण दर वेळी सांगतो. सांगतो आणि पुढे जातो.

गिरणीतला माझा एक जोडीदार होता. एकाच पाळीला, शेजारी-शेजारी साच्यांवर उभे राहिलो. त्याला साखर आणि ब्लडप्रेशर दोन्ही होतं, आणि कंबर दुखते म्हणून वर्षानुवर्षं दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खायचा. किडन्या कधी गेल्या कळलंच नाही. किडनी ओरडत नाही हो. पोटदुखी नाही, ताप नाही. पायावर सूज आली तेव्हा क्रिएटिनिन तपासलं, तोवर उशीर झाला होता. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. हाताच्या शिरा जोडून फिस्टुला केलेला, त्यावर हात ठेवला की साच्यासारखी थरथर लागायची. जाण्या-येण्यासकट तीन दिवस त्यातच जायचे, बाकीचे दिवस अंगात त्राण नाही. आणि पाणी मोजून! लघवी होत नाही म्हटल्यावर प्यायलेलं अंगात साठतं. ज्या पाण्यासाठी आपले लोक 1927 साली महाडला गेले, ते समोर नळाला वाहतंय आणि हा माणूस बर्फाचा तुकडा चघळतोय, असं मी बघितलंय.

त्याला बायको किडनी द्यायला तयार होती, तिलाच साखर निघाली. भावाचा रक्तगट जुळेना. तेव्हा नाव यादीत. एक दिवस डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या त्याने मला सहज विचारलं, "तुझ्या भाच्याच्या वेळी हॉस्पिटलवाल्यांनी विचारलं होतं का रे?" मी म्हटलं, विचारलं होतं. "मग?" मी काही बोललो नाही. तो थोडा वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "असू दे. तेव्हा सुचत नसतं." माझ्या भाच्याची किडनी त्यालाच मिळाली असती असं नाही, यादी वेगळी, रक्तगट वेगळा. पण दोन किडन्या म्हणजे त्याच्यासारख्या दोन खाटा रिकाम्या झाल्या असत्या. 2021 साली तो यादीत असतानाच गेला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ही मी बहिणीची परवानगी घेऊन सांगतोय. ती पुढच्याच रांगेत बसली आहे.

जोडीदाराच्या मातीहून आल्यावर मी बहिणीकडे गेलो आणि मनातलं बोललो, की माझं चुकलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे दादा. ती म्हणाली, "चुकलं ते वेगळंच. तू नाही म्हणालास याचं मला काही नाही. मीसुद्धा कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण ती बाई मला विचारत होती. मी त्याची आई होते. तू माझ्या आधी बोललास."

चार वर्षं ती हे घेऊन बसली होती. आणि मी चार वर्षं सावित्रीबाईंच्या जयंतीला भाषणं देत होतो.

तेव्हापासून मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने बघतो. हॉस्पिटलात प्रत्यारोपण विभागाबाहेर बसून बघा. मुलाला किडनी देणारी आई, नवऱ्याला देणारी बायको, भावाला देणारी बहीण. घेणारा बहुतेक वेळा पुरुष. सरकारी आकडेच सांगतात, 1995 ते 2021 या काळात देशात छत्तीस हजारांवर प्रत्यारोपणं नोंदली गेली, त्यांत स्त्रियांना मिळालेली सात हजारांच्याही आत. पाच जणांत चार पुरुष! पुरुषांच्याच किडन्या जास्त बिघडतात असं कुणी म्हणेल, पण एवढा फरक आजाराने पडत नाही. "तो कमावता आहे", "तिला कुठे बाहेर जायचंय", अशी वाक्यं मी कानाने ऐकली आहेत. बाई द्यायला चालते. द्यायचं की नाही हे बोलायला मात्र मामा, काका, दीर उठून उभे राहतात. मीही राहिलो.

जिवंतपणी किडनी देणं वाईट असं माझं म्हणणं नाही. एका किडनीवर माणूस नीट जगतो, मात्र तपासण्या करून, पुढेही दरवर्षी तपासत राहून. 1954 साली बोस्टनमध्ये पहिली यशस्वी झाली ती जुळ्या भावानेच दिलेली होती, आणि आपल्याकडे 1971 साली वेल्लोरला झाली तीही जिवंत नातेवाइकाचीच. आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं यांना कायद्याने देता येते. रक्तगट जुळत नसेल तर तशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करता येते, हे पुष्कळांना माहीतच नसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांपर्यंत तरतूद आहे. ऑपरेशननंतरच्या गोळ्या मात्र जन्मभराच्या. त्या चुकवल्या तर शरीर परकी किडनी ओळखतं आणि नासवतं. तो खर्च आधी धरूनच पाऊल टाका, कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पण जिवंत बाईला 'दे' म्हणताना ती मोकळेपणाने 'नको' म्हणू शकते का, हे आधी घरात बघा. डॉक्टर एकटीला बोलावून विचारतात ते त्यासाठीच.

आपल्या वस्तीत एक मोठा गोंधळ आहे, तोही मिटवतो. देहदानाचा फॉर्म भरला म्हणजे किडनी दान झाली, असं नाही. घरी सर्वसाधारण मृत्यू झाला तर डोळे आणि त्वचा देता येते, तीही सहा तासांच्या आत. फोन लगेच करायचा, पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा. देह वैद्यकीय कॉलेजला जातो, विद्यार्थी शिकतात. किडनी, लिव्हर, हृदय मात्र हॉस्पिटलात मशीनवर असताना मेंदूमृत झालेल्या माणसाचंच घेतात, कारण रक्ताचा पुरवठा थांबला की ते थोड्या वेळात निकामी होतात. म्हणजे अशी वेळ हजारात एखाद्यावर येते. आणि ती येते तेव्हा तो माणूस बोलू शकत नाही. त्याने फॉर्म भरलेला असला, खिशात कार्ड असलं, तरी नातेवाइकांना विचारलंच जातं आणि त्यांनी नाही म्हटलं की विषय संपतो. म्हणून कार्ड पाकिटात ठेवून उपयोग नाही, जेवताना घरी बोला. पोरांना अशुभ वाटेल, वाटू द्या. माझ्या भाच्याने कधी एकदा आईजवळ म्हटलं असतं, तर तिला माझ्याकडे बघावं लागलं नसतं.

बाहेर टेबलावर सात नंबरचा फॉर्म ठेवला आहे. आधार कार्डावरून मोबाईलवरही नोंदणी होते, आपली मुलं करून देतील. मला आज फॉर्मांचा ढीग नकोय. नवरा-बायकोने बरोबर या, नाहीतर घरी न्या आणि बोलून आणा. कुणाला नको असेल त्याला मी काही म्हणणार नाही, तो हक्क मला नाही.

त्या फॉर्मवर दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक जवळचा नातेवाईक. बहिणीने स्वतःचा फॉर्म गेल्या महिन्यात भरला. मी पेन काढून पुढे झालो, तर म्हणाली, थांब, पहिली सही लेकीची. लेकीने वाचून, दोन प्रश्न विचारून सही केली. मग माझ्याकडे कागद सरकवला, दुसऱ्या साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवलं, आणि मी सही करीपर्यंत ते बोट तिथून काढलं नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.